पेनल्टी मिळाली की आमचे बाबा गच्चीवर जायचे. तुम्ही कोणासाठी टीव्हीसमोर बसून राहिले?

गच्चीवरचा_महालकर

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा येडचाप वाटेल पण चार दिवसांपासून डोक्यात आहे म्हणून टाकूनच देतो.

आमच्या घरी मॅनचेस्टर युनायटेडचं खूळ बाबांनी आणलं, नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा. आमच्या वाड्यात टीव्ही आमच्याकडेच मोठा, म्हणून गल्लीतले पोट्टेही यायचे, पण ते सगळे क्रिकेटवाले, फुटबॉल लागला की उठून पळायचे. बाबा मात्र चष्मा पुसून बसायचे. आणि त्यांचा एक नियम होता. युनायटेडला पेनल्टी मिळाली की उठायचं, चप्पल घालायची आणि गच्चीवर जायचं. खालून ओरडा ऐकू आला तर खाली यायचं, नाही आला तर टाकीत पाणी किती उरलं ते पाहत बसायचं. समोरच्यांची पेनल्टी मात्र मांडी घालून आरामात पाहायचे. म्हणायचे, गोल झाला तर ते होणारच होतं, अडला तर बोनस.

अख्ख्या टीममध्ये एकाच माणसासाठी ते बसून राहायचे. डेनिस आयर्विन. लेफ्ट बॅक, नाटक नाही, चेहऱ्यावरची रेष हलणार नाही. बाबा त्याला 'पोस्टाच्या काउंटरवरचा माणूस' म्हणायचे, म्हणजे रांगेत कितीही बोंबाबोंब होऊ दे, हा आपला शिक्का मारून मोकळा. १९९९ च्या मे महिन्यात अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध त्याने पेनल्टी मारली तेव्हा बाबा जागचे हलले नाही. आणि त्याच मॅचमध्ये त्याच आयर्विनला बॉल लांब मारून दिला म्हणून दुसरं पिवळं कार्ड मिळालं, बाहेर जावं लागलं, एफए कपची फायनल हुकली, तर बाबा दोन दिवस आईशीही धड बोलले नाहीत. २००२ ला आयर्विन क्लब सोडून गेला आणि बाबांची गच्ची पक्की झाली.

आता २००८. मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल, समोर चेल्सी. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली, बरोबरी सुटली नाही म्हणून पेनल्टी शूटआउट लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजत आले. मे महिना, तीन वाजताही भिंती गरम, कुलर फुल स्पीडवर, आणि बाबा वर. मी जिन्यात उभा राहून कॉमेंट्री करत होतो. टेवेझचा बॉल जाळीत गेला, कॅरिकचा गेला, रोनाल्डोची त्यांच्या गोलकीने, चेकने अडवली. ते सांगितल्यावर वरून नुसतं 'हं' आलं. हारग्रीव्ह्ज, नानी, गेला, गेला. मग जॉन टेरी बॉल घेऊन निघाला, ही गेली की चेल्सीचा कप, आणि लाईट गेली.

कुलरचा आवाज बंद झाला की घर किती शांत होते ते नागपूरच्या माणसाले सांगायची गरज नाही. आमचा अख्खा महाल भाग अंधारात. फक्त समोरच्या घरी इन्व्हर्टर होता, तिथून जोरात आवाज आला, "गेलीऽऽ!" आता गेली म्हणजे काय? जाळीत गेली का बाहेर गेली? समोरचा पोट्टा कोणाचाच फॅन नव्हता, परीक्षा संपल्या म्हणून जागत होता. बाबा अंधारात जिना उतरून आले, पहिल्यांदाच पेनल्टी चालू असताना खाली आले, आणि आम्ही दोघं बनियनवर रस्ता ओलांडून त्यांच्या खिडकीच्या गजाला लटकलो. टेरी घसरला होता, बॉल पोस्टला लागून बाहेर. पुढे अँडरसनच्या वेळी बाबांनी रस्त्याकडे तोंड केलं, गिग्जच्या वेळी पण केलं, आणि अनेल्का आला तेव्हा फिरून खिडकीत डोकं घातलं. समोरच्यांची पेनल्टी न, ती पाहायचीच. आपल्या गोलकीने, व्हॅन डर सारने अडवली. ६-५. बाबांनी पूर्ण शूटआउटमधली ऑफिशियली एवढी एकच पेनल्टी पाहिली.

आता माझी पोरगी सातवीत आहे आणि युनायटेडच्या ब्रूनो फर्नांडिसची पक्की भक्त. ती आजोबांना हसते, म्हणते ब्रूनो असताना कोणी बाहेर जाते का.

तर प्रश्न असा की तुमच्यासाठी असा माणूस कोण, ज्याच्या वेळी तुम्ही खोलीत थांबले? टक्केवारी नका देऊ बे कोणी, ती मलेही सापडते. मॅच सांगा, तुम्ही कुठे बसले होते ते सांगा.

खामला_नंबर_१०

भाऊ बाबांना दंडवत. माझं उत्तर रूड व्हॅन निस्टलरॉय, आणि जरा लांबलचक आहे.

सप्टेंबर २००३, रविवार, ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनल. मी दहावीत, दुसऱ्या दिवशी ट्यूशनमध्ये टेस्ट, बुढा आतल्या खोलीत झोपलेला म्हणून टीव्हीचा आवाज एक नंबरवर ठेवून जमिनीवर बसून पाहत होतो, ०-०, त्यांचा व्हिएरा लाल कार्ड मिळून गेलेला, आणि एकदम शेवटी आपल्या फोरलानला पाडलं, पेनल्टी. रूड आला. मी म्हटलं झालं, आता झोपा. त्याने जो घातला तो सरळ पोस्टला. आणि मग आर्सेनलचा तो मार्टिन किऑन, बापा, शिट्टी झाल्यावर तो माणूस रूडच्या डोक्यावर असा उड्या मारत आला जसा काय त्याच्या शेताचा बांध कोरला याने.

आमच्या ट्यूशनमध्ये एकच आर्सेनलवाला होता. सोमवारी सायकल स्टँडवर मी कुलूप लावायला वाकलो आणि मागून माझ्या पाठीवर बदाबदा उड्या. सगळ्यांसमोर. आणि त्या वर्षी आर्सेनल एकही लीग मॅच हरलं नाही, म्हणजे ती एक पेनल्टी गेली असती तर तो सगळा इतिहासच झाला नसता, हे त्याने मला वर्षभर रोज ऐकवलं.

मग २४ ऑक्टोबर २००४. तेच ग्राउंड, तेच आर्सेनल, ४९ मॅच न हरता आलेले. रूनीचा त्या दिवशी एकोणिसावा वाढदिवस. तो कॅम्पबेलच्या पायावरून पडला, पेनल्टी. आणि परत रूड, गोलात परत त्यांचा लेहमान. मले खरं तर त्या वेळी संडासात जायचं होतं, टेन्शनने, पण मी म्हटलं नाही, हा माणूस एक वर्ष हे पोटात ठेवून जगला, आपण याला एकटं सोडायचं नाही. बसलो. गेला! तो गुडघ्यावर बसून जसा ओरडला तसा मी ओरडलो, बुढा उठून आला, कानाखाली पण खाल्ली. शेवटी रूनीने दुसरा घातला, २-०, ४९ वर ब्रेक.

दुसऱ्या दिवशी सायकल स्टँड. तुम्ही समजून घ्या.

(कॅम्पबेलचा पाय खरंच लागला होता का? आता वीस वर्षं झाली, कबूल करतो. मले तरी नाही वाटत. त्याला सांगू नका.)

कामठीचा_गोलकी

@खामला_नंबर_१० पोस्टले नाही भाऊ, क्रॉसबारले लागली होती ती. माई गोष्ट रात्री लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक आहे.

खामला_नंबर_१०

हाव हाव क्रॉसबार. पोस्ट डोक्यात टेरीची राहून गेली. दुःख मिक्स झालं.

इतवारीचा_कॉलर

कँटोना. विषय बंद.

खामला_नंबर_१०

लाईव्ह पायला का बे तू?

इतवारीचा_कॉलर

मी १९९६ चा. तो १९९७ ले रिटायर झाला. पाळण्यातून पायला न.

बरं सिरियस सांगतो. माझ्या मोठ्या भावाने कुठून तरी सीडी आणली होती, तिच्यात १९९४ ची एफए कप फायनल होती, चेल्सीले ४-० धुतलं ती. साठाव्या मिनिटाले पेनल्टी, सहासष्टाव्याले परत पेनल्टी, दोन्ही कँटोना. सहा मिनिटांत तोच माणूस, तोच गोलकी, तोच बॉल, आपण असतो तर दुसऱ्यांदा विचार करून करूनच मेलो असतो का आता कुठे मारू. तो आला, कॉलर वर, मारली, गेला. सीडीले ओरखडा होता, दुसऱ्या पेनल्टीजवळ अडकायची आणि मागे जायची, मग पहिलीच परत दिसली असं वाटायचं. मी लहानपणी समजायचो की त्या मॅचमध्ये चार-पाच पेनल्टी झाल्या.

आणि ऑक्टोबर १९९५, प्रेक्षकाले लाथ मारली म्हणून आठ महिने बॅन, परत आला त्याच दिवशी लिव्हरपूलविरुद्ध पेनल्टी, गोल, आणि जाळीच्या मागच्या खांबाले जाऊन लटकला. आठ महिन्यांनी कामावर आलेला माणूस एवढ्या आरामात पेनल्टी मारते? आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर ऑफिसात पासवर्ड विसरतो.

निळा_धरमपेठ

मी चेल्सीवाला आहे, मला इथे यायलाच नको होतं पण महालकर भाऊंनी टेरीचं नाव काढलं.

मी २००८ ला हॉस्टेलला होतो. मेसमध्ये टीव्ही, साठेक पोरं, त्यातली पन्नास युनायटेडची. आमचा ड्रोग्बा ११६ व्या मिनिटाला युनायटेडच्या विडिचला चापट मारून लाल कार्ड घेऊन गेला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता, कारण तो असता तर पाचवी त्याचीच असती असं आम्ही सगळे आजही धरून चाललो आहोत. तरी टेरी निघाला तेव्हा मी मेसच्या टेबलावर चढलो. आधीच चढलो, ही चूक. शर्ट काढला, हीसुद्धा चूक. पावसाने ओलं झालेलं ग्राउंड, त्याचा उभा पाय सटकला, व्हॅन डर सार तर चुकीच्या बाजूला गेला होता हो! बॉल पोस्टच्या बाहेरच्या अंगाला लागला आणि मी उघडा टेबलावर उभा, आणि खाली पन्नास जण असे नाचत होते की उतरायला जागाच नव्हती. अनेल्काची पेनल्टी मी टेबलावरूनच पाहिली. कोणीतरी माझा शर्ट पण नेला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ड्रोग्बा, म्युनिक, २०१२. ती मॅच मी मामेबहिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री मंगल कार्यालयात पाहिली, पाहुण्यांच्या गाद्यांच्या ढिगावर बसून, लॅपटॉपला डोंगल लावून. बायर्नच्याच घरच्या ग्राउंडवर फायनल. ८३ व्या मिनिटाला म्युलरचा गोल, ८८ व्याला ड्रोग्बाचं हेडर, एक्स्ट्रा टाइममध्ये रॉबेनची पेनल्टी चेकने अडवली, ती पण ड्रोग्बाच्याच फाउलवर मिळालेली, म्हणजे त्या रात्री चांगलं वाईट सगळं त्यानेच केलं. शूटआउटमध्ये आमची पहिलीच माटाची गेली वाया. शेवटी ड्रोग्बा उभा राहिला, दोन पावलांचा रनअप, आणि माझं डोंगल अटकलं. स्क्रीनवर तो चक्र फिरतोय आणि ड्रोग्बा कमरेवर हात. मी हललो नाही, गादीवर आलेल्या झोपाळू काकांना पण हलू दिलं नाही. तेवढ्यात मोबाइल वाजला, २००८ मध्ये माझ्यासमोर नाचणाऱ्यांपैकीच एकाचा मेसेज, "घे बे, झालं तुझं समाधान." असा मला कप मिळाला. व्हिडिओ पुढे सरकला तेव्हा मला सगळं माहीत होतं, तरी मी रडलो. काका म्हणाले, मुलीच्या लग्नात आतेभाऊ एवढा रडतो, चांगले संस्कार आहेत.

गच्चीवरचा_महालकर

@निळा_धरमपेठ भाऊ काकांचं वाचून चहा सांडला.

कामठीचा_गोलकी

चला आता निवांत आहे.

मी बावीस वर्षं लोकल खेळलो, पूर्ण टाइम गोलकी. आमच्या कामठीले छावणी जुनी, फुटबॉलही जुना, आमच्याकडे लहान पोट्ट्याले बॅट नाही देत, आधी बॉल देते. तर मी उलट्या बाजूने सांगतो, कारण तुम्ही सगळे मारणाऱ्याच्या मागे उभे आहात.

अकरा मीटर. जोरात मारली तर बॉल अर्ध्या सेकंदात येते. त्याच्यात पायलं, समजलं, उडी मारली, असं होतच नाही. बॉल जाळीतून काढाले पोचतो फक्त. म्हणून गोलकी आधीच ठरवून टाकते, नाहीतर मारणाऱ्याचा टेकवलेला पाय पाहते, तो पाय जिकडे तोंड करते तिकडेच बॉल जाईल असं धरून उडी घेते. आता चांगला मारणारा काय करते? तो मलेच आधी हलवते. ब्रूनोची ती जी उडी आहे न, धावता धावता मधातच एक टणकन, ती कायले आहे? तेवढ्या वेळात गोलकी एका बाजूले झुकला की हा दुसरीकडे सरकवून मोकळा. रनअपमध्ये असं थांबणं, फसवणं नियमात बसते. रनअप संपल्यावर, पाय मारायच्या वेळी फसवलं की फाउल, २०१० पासून तसा नियम पक्का केला. पण याच्यावर एकच इलाज आहे, गोलकीने हलायचंच नाही. मॉस्कोले रोनाल्डो मधात थांबला, चेक बी थांबला. बस, तिथेच चेकने पेनल्टी जिंकली, उडी नंतरची गोष्ट.

व्हॅन डर सारचं तर त्याहून भारी. एका स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञाने, पालासिओस-वेर्ता नाव त्याचं, चेल्सीले आधीच अभ्यास करून पाठवला होता का हा गोलकी कुठे जास्त उडते. चेल्सीवाले बरेचसे एकाच बाजूले मारत होते. अनेल्का आला तेव्हा व्हॅन डर सारने हात करून तीच बाजू दाखवली, जसं काय, इकडेच मारणार न? मार! अनेल्काचं मन फिरलं, दुसरीकडे मारली, आणि तो तिकडेच उडाला. मी हे वाचलं तेव्हा घरात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

आता माया पाप. एका लोकल सेमीफायनलमध्ये शेवटच्या मिनिटाले आमच्यावर पेनल्टी. मे महिना, ग्राउंडवर गवत नाही, खाली काळी माती, वर धूळ. आधी दहा मिनिटं स्पॉटवरून भांडण, कारण तिथे माप पावलाचं, त्यांचा कॅप्टन सहा फुटाचा नाही, चांगला ठेंगणा, तो मोजते तर बॉल माया नाकावर येते, आणि आमचा स्टॉपर मोजते तर बॉल सेंटरले जाते. शेवटी रेफरीने मधात चुना टाकला. मी म्हटलं थांबा, तहान लागली. बाटली घेतली, दोन घोट पेलो, बाकीचं बोलता बोलता स्पॉटच्या डाव्या अंगाले सांडवून दिलं. काळ्या मातीले पाणी लागलं का साबण होते. तो आला पळत, पाय टेकवला, आणि सपाट. बॉल कॉर्नर फ्लॅगकडे. लोकं पोट धरून हासले, मी सगळ्यात जास्त.

दोन वर्षांनी टेरी घसरला तेव्हा मले हासू नाही आलं. निळा भाऊ, तुमचा शर्ट मी नाही नेला, पण सॉरी.

आणि उत्तर द्याचं तर, आयर्विन. बाबा बरोबर आहेत. जो गोलकीकडे पाहतच नाही, त्याले फसवणार कसं?

रात्रपाळी_हिंगणा

ताई आहे मी, सगळे भाऊ भाऊ चाललंय म्हणून सांगितलं. 😀

माझं उलटं आहे. मी मारणाऱ्यांच्या वेळी सगळ्यांसाठी बसते, गोलकीच्या वेळी बसवत नाही. कारण दे गेया, तेव्हाचा आपला गोलकी.

मे २०२१, युरोपा लीग फायनल, ग्दान्स्क, विलारियाल. आपल्याकडे लॉकडाऊन. मी पॉझिटिव्ह, घरातल्या मागच्या खोलीत एकटी, दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवून जायचे सगळे. रात्री साडेबाराला मॅच, मोबाइलवर, हेडफोन लावून, आवाज केला तर सासूबाई घाबरून ऑक्सिमीटर घेऊन येतील म्हणून तोंडावर उशी. १-१. शूटआउट. माटा, टेलेस, ब्रूनो, रॅशफर्ड, काव्हानी, फ्रेड, जेम्स, शॉ, ट्वान्झेबे, लिंडेलॉफ, दहाच्या दहा गेले. त्यांचे पण सगळे गेले, त्यांचा गोलकी रुली आला, त्याने पण घातली. एकवीस पेनल्टी, एकवीस गोल. मी ऑक्सिमीटर स्वतःच लावला होता, ऑक्सिजन बरा होता, पल्स विचारू नका.

मग बाविसावी दे गेयाची. तोपर्यंत त्याने एकही अडवली नव्हती, आणि आता मारायला तोच. मी मोबाइल उलटा ठेवला. दार उघडून बाहेर जायची पण सोय नव्हती! महालकर भाऊ, तुमच्या बाबांना गच्ची तरी होती. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, आणि हेडफोनमध्ये कळलंच. रुलीने अडवली. ११-१०.

पण पुढचं ऐका. सप्टेंबर २०२१, वेस्ट हॅम, आपण २-१ वर, शेवटच्या मिनिटांत त्यांना पेनल्टी, आणि त्यांनी मार्क नोबलला खास पेनल्टी मारायलाच आत आणलं. तेव्हा मी ड्युटीवरून येऊन नुकतीच बसले होते, बॅग पण खांद्यावरच. उठणार होते, पण पाय इतके दुखत होते की उठवलंच नाही. आणि दे गेयाने अडवली! पाच वर्षांत पहिली, मी पाहिलेली. म्हणून माझं उत्तर दे गेया, पाय दुखत होते म्हणून.

आणि तुमच्या पोरीला सांगा, त्याच्या सहाच दिवसांनी तिच्या ब्रूनोने अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला वरून प्रेक्षकांत पाठवली होती. समोर त्यांचा गोलकी मार्टिनेझ, रोनाल्डोला बोट दाखवून तू मार तू मार करत होता. ०-१. मी ब्रूनोचं वाईट नाही म्हणत, त्याने पुढे कितीतरी घातल्या, पण तिला एकदा दाखवाच.

खामला_नंबर_१०

ताई त्या व्हिलाच्या मॅचची आठवण काढायची काही गरज होती का. पॅरिसची, पीएसजीविरुद्धची काढा न कोणी. मार्च २०१९, पहिली मॅच घरी ०-२ हरलेलो, तिकडे ९४ व्या मिनिटाला त्यांच्या किम्पेम्बेच्या हाताला बॉल, व्हीएआर म्हणजे व्हिडिओ पाहून पेनल्टी दिली, गोलात बुफॉन, आणि मारायला रॅशफर्ड. तो तर आपल्याकडून पेनल्टी मारणाऱ्यांत नव्हताच तोवर. ३-१, परक्या ग्राउंडवर जास्त गोल म्हणून, अवे गोलवर पुढे. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झाले होते आणि मी तर्री पोह्याची गाडी लागायची वाट पाहत रस्त्यावर फिरत होतो, झोपेचा प्रश्नच नव्हता.

इतवारीचा_कॉलर

साडेतीनले कोणती गाडी लागते बे.

खामला_नंबर_१०

म्हणूनच वाट पाहत होतो.

गच्चीवरचा_महालकर

सगळं बाबांना वाचून दाखवलं. गोलकी भाऊंचं पाण्याच्या बाटलीचं दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, पाणी वाया घालवायला अक्कल लागते. ताईंचं ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, तिला सांग आमची गच्ची मोठी आहे.

ब्रूनोची व्हिलावाली पोरीला दाखवली. पाच मिनिटं फुगून बसली. मग म्हणे, आजोबा तेव्हा कुठे होते? आता २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या गुडघ्याचं चालू होतं, डॉक्टरने जिना बंद केला होता, म्हणजे खालीच होते, पाहत असतील. हे ऐकून ती जी उठली.

मागच्या पेनल्टीला काय झालं सांगतो. बाबा आता जिना चढत नाहीत, नुसते खुर्ची फिरवून बसतात. ब्रूनोने बॉल ठेवला आणि ही पोरगी आजोबांचा हात धरून ओढू लागली, उठा, वर जा, तुम्ही खाली बसले म्हणून त्या वेळी वाया गेली होती. बाबा म्हणाले, अगं गुडघे. ती म्हणे, निदान जिन्यापर्यंत तरी जा. म्हातारा माणूस बिचारा पहिल्या पायरीवर उभा, कठडा धरून, भिंतीकडे तोंड करून. गेला गोल. तर आता तिने ती पायरीच फिक्स केली आहे, खाली एक उशी पण ठेवून दिली.

कामठीचा_गोलकी

उशी ठेवा पण पाण्याची बाटली नका ठेवू तिथे.